पुस्तकातला पेशंट आणि आपला पेशंट

पोलिओमुळे मेडिकलचा प्रवेश अडलेला एक मुलगा पुढे रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर झाला. 'परदेशी पुस्तकात लिहिलेला आजार आणि माझ्यासमोरचा आजार एकच आहे का?' हा प्रश्न त्याच्या पिढीच्या संशोधनातून पुढे आला. डॉ. सुरेश अडवाणी यांच्या कामाची आणि त्या प्रश्नाची ही गोष्ट.

समजा, बारावीला तुम्हाला झकास मार्क पडलेत. मेडिकलला जायचं हे लहानपणीच ठरलेलं. पण प्रवेशाच्या वेळी कळतं की गडी अडकलाय. मार्क कमी नाहीत, कागदपत्रंही सगळी आहेत. अडचण आहे ती तुमच्या पायांची.

१९६० च्या दशकात मुंबईत सुरेश अडवाणी नावाच्या मुलाचं साधारण असंच झालं. जन्म १९४७ चा, कराचीतला. फाळणीनंतर कुटुंब इकडे आलं. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि पायांतली ताकद गेली. दवाखान्यात पडून असताना डॉक्टरांना जवळून बघितलं आणि आपणही हेच करायचं, असं त्या पोराच्या मनाने घेतलं. पण ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्रवेश अपंगत्वाचं कारण देऊन नाकारला गेला. वॉर्डात राऊंड कसा घेणार, धावपळ कशी करणार, अशा शंका त्या काळात कुणालाच वावग्या वाटत नव्हत्या. मुलगा मात्र गप्प बसला नाही. वरपर्यंत दाद मागितली, पाठपुरावा केला आणि शेवटी प्रवेश मिळवला.

तिथूनच एमबीबीएस आणि एमडी झालं. व्हीलचेअर आयुष्यभर सोबत राहिली. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, ते याच डॉक्टरच्या नेतृत्वाखाली. पुढे पद्मश्री (२००२), डॉ. बी. सी. रॉय पुरस्कार (२००५), पद्मभूषण (२०१२) असं सगळं झालं. जिद्दीची गोष्ट म्हणून एवढं पुरेसं आहे, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करायलाही चालेल. पण खरी गंमत पुढे आहे. त्यासाठी आधी रक्ताचा कॅन्सर होतो कसा, ते समजून घेऊ.

सेकंदाला वीस लाख पेशी

आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो, त्याला बोनमॅरो म्हणतात. ही रक्ताची फॅक्टरी. वाळूजच्या एखाद्या कंपनीत तीन शिफ्ट चालतात तशी ही फॅक्टरी चोवीस तास चालू असते आणि तिला साप्ताहिक सुट्टीही नसते. दिवसाला साधारण २०० अब्ज लाल पेशी इथून बाहेर पडतात. भागाकार करून बघा, सेकंदाला वीस लाखांच्या वर जातं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स वेगळ्याच.

हे सगळं उत्पादन मूठभर मूळ पेशींपासून होतं. त्यांना स्टेम सेल म्हणतात. स्टेम सेल दुभंगते, तिच्या पिल्लांची पुढची पिल्लं होतात, ती हळूहळू 'मोठी' होतात आणि आपापलं काम शिकून रक्तात उतरतात. प्रत्येक वेळी दुभंगताना पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. एवढ्या नकला काढायच्या म्हटल्यावर कुठेतरी काना-मात्रा चुकणारच. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. काही चुका शरीर दुरुस्त करतं, काही पेशी मरून जातात. पण एखाद्या पेशीत चूक नेमकी अशा जागी होते की ती पेशी मोठी होणं विसरते आणि वाढणं मात्र थांबवत नाही.

ल्युकेमिया म्हणजे हेच. अर्धवट वाढलेल्या पेशींची गर्दी फॅक्टरीची सगळी जागा अडवते. मग चांगल्या लाल पेशी कमी पडतात, पेशंट पांढराफटक दिसतो, चार पायऱ्या चढला तरी दम लागतो. प्लेटलेट्स कमी होतात, हिरड्यांतून रक्त येतं, काही न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. पांढऱ्या पेशी मोजायला गेलं तर कधी लाखांत असतात, पण कामाच्या नसतात. म्हणून ताप येतो आणि हटत नाही.

हा घोटाळा नेमका कुठे होतो, याचा पहिला धागा १९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सापडला. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या पेशंटच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये जॅनेट राऊली या डॉक्टर बाईंनी दाखवलं. त्या गुणसूत्रांचे फोटो घरी नेऊन डायनिंग टेबलवर कापून जुळवत बसायच्या. त्यातून दिसलं की ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांत बदललेत. दोन वेगळ्या जीन्सचे तुकडे चुकून जोडले जातात आणि त्यातून एक नवं प्रोटीन तयार होतं. ते पेशीला सतत 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. पुढे त्याच प्रोटीनला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी आली. २००१ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एकेकाळचा जीवघेणा आजार बऱ्याच जणांसाठी रोज गोळी घेऊन सांभाळायचा आजार झाला.

आजार का होतो ते कळलं की औषध कुठे मारायचं ते कळतं. 'नुसतं संशोधन करून काय मिळतं?' असं कुणी विचारलं तर त्याला ही एक गोळी दाखवायची.

भावाची मॅरो, बहिणीचा जीव

अडवाणी डॉक्टर झाले तेव्हा मात्र ही गोळी नव्हती. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की घरच्यांना काय सांगायचं, हाच डॉक्टरांपुढचा मोठा प्रश्न असे. अमेरिकेत सिअॅटलमध्ये डॉ. डोनाल थॉमस हे बोनमॅरो ट्रान्सप्लांटवर वर्षानुवर्षं काम करत होते. सुरुवातीचे कित्येक पेशंट दगावले, तरी त्यांनी नाद सोडला नाही. १९९० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. अडवाणी सिअॅटलला जाऊन हे तंत्र शिकून आले.

ट्रान्सप्लांट हा शब्द ऐकला की ऑपरेशन डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नसतं. आधी जबर औषधांनी पेशंटची स्वतःची बिघडलेली मॅरो मारून टाकतात. मग दात्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मॅरो काढतात आणि बाटलीतून रक्त चढवावं तशी पेशंटला शिरेतून देतात. त्या पेशी आपापला रस्ता शोधत हाडात जाऊन बसतात. पण नवी फॅक्टरी सुरू व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत पेशंटकडे प्रतिकारशक्ती जवळपास शून्य असते. साधी सर्दीही महागात पडू शकते. आणि नव्या पेशींना हे शरीर 'परकं' वाटलं, तर त्या पेशंटवरच हल्ला करतात.

१९८३ मध्ये मुंबईत नऊ वर्षांची एक मुलगी मायलॉइड ल्युकेमियाने आजारी होती. तिच्या भावाची मॅरो जुळली. सख्ख्या भावा-बहिणीत मॅरो जुळण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे ते नशीबच म्हणायचं. पण पुढचं सगळं नशिबावर सोडता येणार नव्हतं. जंतूंपासून दूर ठेवलेली खोली, रक्ताचा पुरवठा, रात्रंदिवस जागणारी टीम, हे सगळं आपल्याकडे पहिल्यांदाच उभं करायचं होतं. फसलं असतं तर 'हे आपल्या देशात होणार नाही' असं म्हणणाऱ्यांना आयतंच कारण मिळालं असतं. ते यशस्वी झालं.

पण बाकीच्या पोरांचं काय?

खरा प्रश्न त्यापुढचा होता. ट्रान्सप्लांट किती जणांचं होणार? वॉर्डात त्याहून कितीतरी जास्त मुलं होती ती अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची, म्हणजे एएलएलची. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच. पाश्चात्त्य देशांत तोपर्यंत निम्म्याहून जास्त मुलं औषधांनी वाचायला लागली होती. आपल्याकडे १९७० च्या दशकात, मोठ्या कॅन्सर सेंटरमध्येसुद्धा, चार वर्षांनंतर आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली होतं.

मग १९८४ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे डॉ. इयान मॅग्रथ आणि भारतातली तीन केंद्रं एकत्र आली. टाटा मेमोरिअलमधून अडवाणी आणि सहकारी, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून डॉ. व्ही. शांता आणि दिल्लीचं एम्स. तिघांनीही एकच ठरलेली उपचारपद्धत वापरायची, तिचं नाव एमसीपी-८४१. आपल्याकडच्या मुलांना झेपेल, आपल्या हॉस्पिटलांना जमेल आणि तरी आजाराला पुरून उरेल असं औषधांचं वेळापत्रक. सोबत संसर्ग सांभाळायचा, रक्त वेळेवर मिळवायचं आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची.

निकाल काय लागला? २० टक्क्यांच्या आतलं ते प्रमाण तिन्ही केंद्रांमध्ये मिळून ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेलं. कुठलंही जादूचं नवं औषध न शोधता. आधी पाचातलं एकही मूल धड वाचत नव्हतं, आता जवळपास निम्मी किंवा त्याहून जास्त वाचू लागली. 'शिस्त' हा शब्द आपल्याला बोअर वाटतो, पण इथे शिस्तीने जीव वाचले.

नोंदींमध्ये लपलेलं कोडं

आता मघाशी म्हटलेली गंमत. वीस वर्षांच्या या नोंदींचा लेखाजोखा २००५ मध्ये एका युरोपीय जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९९० ते १९९७ या काळातल्या १,०४८ पेशंटची नवी माहिती होती. ती वाचल्यावर कळतं, की पुस्तकातला पेशंट आणि आपला पेशंट सारखे नाहीत.

पाश्चात्त्य पुस्तकं सांगत होती की एएलएलमध्ये मुलाचं वय फार महत्त्वाचं, वयावरून आजाराचा अंदाज बांधता येतो. आपल्या तिन्ही केंद्रांत मात्र वयाचा आणि निकालाचा तसा संबंधच दिसला नाही. आपली मुलं हॉस्पिटलमध्ये पोचायची तेव्हा आजार जास्त पसरलेला असायचा. हे एक वेळ समजू शकतं, उशीर होतो, गावाकडून यायला वेळ लागतो. पण पुढची नोंद उशिराने समजावता येत नाही. टी-सेल प्रकारचा एएलएल आपल्याकडे जास्त होता. १८ वर्षांखालच्या मुलांत त्याचं प्रमाण केंद्रानुसार सुमारे २१ ते ४३ टक्के निघालं, चेन्नईत सगळ्यात जास्त. बी-सेल प्रकारातल्या अडीचशेहून जास्त पेशंटच्या पेशींची जीन तपासणी केली, तर तिकडे नेहमी सापडणारी टेल-एएमएल१ नावाची जोडणी इथे कमी सापडली आणि ई२ए-पीबीएक्स१ नावाची दुसरी जास्त.

म्हणजे नाव एकच, पण आजार घडतानाच्या चुका वेगळ्या.

असं का व्हावं? इंग्लंडमधले शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांच्या कामातून एक धागा मिळतो. तिकडे बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कार्डवर जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांची ती जुनी कार्डं काढून तपासली, तर काहींमध्ये टेल-एएमएल१ची चूक जन्माच्या दिवशीच हजर होती! पहिली चूक आईच्या पोटातच झाली होती. पण अशी चूक घेऊन जन्मलेल्या फारच थोड्या मुलांना पुढे आजार होतो. त्यासाठी नंतर दुसरा धक्का लागतो. ग्रीव्ह्ज यांचं म्हणणं असं, की ज्या मुलांना अगदी लहानपणी जंतूंची ओळखच होत नाही, त्यांची प्रतिकारयंत्रणा पुढे एखाद्या साध्या संसर्गालाही वेडीवाकडी प्रतिक्रिया देते आणि तोच दुसरा धक्का ठरू शकतो.

आता विचार करा. लंडनमधल्या चकचकीत घरातलं बाळ आणि आपल्याकडे अंगणातल्या मातीत खेळणारं बाळ, दोघांचं जंतूंशी नातं वेगळंच असणार. आजारांच्या प्रकारांत फरक पडायला हे एक कारण असू शकतं. पण 'असू शकतं' आणि 'आहे' यांच्यामध्ये खूप काम असतं. ते काम लंडनच्या पेशंटवर होणार नाही, आपल्याच पेशंटच्या रक्तावर, आपल्याच लॅबमध्ये करावं लागेल. सीएमएलचंही तसंच आहे. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः साठीच्या पुढचा आजार, आपल्याकडे तिशी-चाळिशीतले कमावते लोक त्यात जास्त दिसतात. कोडी अजून संपलेली नाहीत.

देवगिरी एक्सप्रेस आणि आपण

हे सगळं मुंबई-चेन्नईचं झालं, आपला काय संबंध, असं वाटेल. मराठवाड्यातल्या किती घरांना देवगिरी एक्सप्रेसचा रात्रीचा डबा माहीत आहे, ते विचारा. फाइल पिशवीत, रिपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, सकाळी मुंबईत उतरायचं आणि थेट परळ गाठायचं. २०१२ मध्ये आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. आता आसपासच्या जिल्ह्यांतले पेशंट आधी इथे येतात. एमसीपी-८४१ची शिकवण हीच होती की उपचार जिथे होतात तिथेच नीट नोंदी झाल्या, तर तिथूनच नवे प्रश्नही निघतात.

आणि उत्तरंही आता इथे तयार होतायत. आयआयटी मुंबईतले प्रा. राहुल पुरवार यांची टीम आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून भारतातली पहिली कार-टी सेल थेरपी, नेक्सकार१९, तयार केली. पेशंटच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. परदेशात याच उपचाराचा खर्च कोटींत जातो, इथे तो लाखांत आलाय. अर्थात, तीस-चाळीस लाख हेही आपल्या घरांसाठी लहान आकडे नाहीत. म्हणजे पुढच्या पिढीसाठी काम शिल्लक आहे.

दार अजून पूर्ण उघडलेलं नाही

शेवटी पुन्हा त्या प्रवेशाकडे येऊ. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांग विद्यार्थ्यांना पाच टक्के आरक्षण दिलंय. तरी टक्केवारीच्या सर्टिफिकेटवर अडवणूक होतच राहिली. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की केवळ अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. हा विद्यार्थी हा कोर्स करू शकेल का, हे मंडळाने नीट तपासायचं आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्यायचं.

अडवाणींच्या वेळी हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांना स्वतःच भांडावं लागलं. त्या दिवशी 'नाही'वरच गोष्ट संपली असती, तर व्हीलचेअरवरचा एक डॉक्टर कमी झाला असता एवढंच आपण म्हटलं असतं. त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईला मात्र तो हिशोब वेगळा लागला असता.

तुम्हालाही यात यायचंय?

• एमबीबीएसनंतर मेडिसिन, बालरोग किंवा पॅथॉलॉजीत एमडी, मग नीट-एसएस देऊन क्लिनिकल हिमॅटोलॉजीत डीएम. हा डॉक्टर-संशोधकाचा रस्ता.

• नीट जमली नाही तरी रस्ता बंद होत नाही. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे डॉक्टर नव्हत्या, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकून त्या कॅन्सर संशोधनात आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ल्युकेमियासह अनेक कॅन्सरवर काम केलं, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

• बीएस्सी-एमएस्सी (मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, झूलॉजी, बायोइन्फर्मेटिक्स) करून सीएसआयआर-नेटसारखी परीक्षा द्या. खारघरचं अॅक्ट्रेक आणि पुण्याचं एनसीसीएस इथे पीएचडी करता येते.

• आणि आत्ताच काही करायचं असेल तर? रक्तदान करा, प्लेटलेट्सची गरज वॉर्डात रोजचीच असते. १८ वर्षं पूर्ण असतील तर 'दात्री'सारख्या स्टेम सेल नोंदणी संस्थेत नाव घालता येतं. गालाच्या आतून कापसाने नमुना घेतात, बस्स. कुणाशी जुळलं तर बोलावतात. घरात जुळणारा भाऊ नसलेल्या कुणासाठी तो भाऊ तुम्ही असू शकता.